हिवाळ्यातील इंजिन व त्याचे हीटर प्लग : घरच्या घरी तपासणी आणि बदल

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्यास प्रथम तेथील उन्हाळा आठवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणाऱ्या ह्या मुलखात इंजिन तापविणाऱ्या उपकरणाचा विचार करावा, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. परंतु झाडीपट्टीतील हिवाळ्याची पहाट ज्याने अनुभवली आहे, त्यास तसे वाटणार नाही. विदर्भातील थंडीची लाट किती खाली उतरते ह्याची कल्पना नागपूरच्या नोंदीवरून येते; तेथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सियसवर आले होते. पोंभुर्णा, मूल, सावली ह्या धानाच्या तालुक्यांत जंगलाच्या आणि मामा तलावांच्या सान्निध्यात पहाटेचा गारवा अंगाला झोंबतो. नेमक्या ह्याच दिवसांत कापलेल्या धानाचे पुंजणे मळणीची वाट पाहत उभे असतात. आभाळ भरून आले तर एका अवकाळी सरीने हातचे धान काळे पडावयाचे. मळलेले धान खरेदी केंद्रावर न्यावयाचे असेल तर गाडी पहाटेच जोडावी लागते. अशा वेळी ट्रॅक्टरचे इंजिन सेल्फ मारून मारूनही सुरू होत नाही आणि बॅटरी मात्र उतरून जाते, हा अनुभव पुष्कळांना आला असेल.

ज्या इंजिनांत हीटर प्लग बसविलेले असतात, त्यांत ह्या तक्रारीचे मूळ बहुधा त्या प्लगमध्ये किंवा त्याच्या तारेत सापडते. ह्याच प्लगला इंग्रजी नावाने ग्लो प्लग असेही म्हणतात. तो बदलणे हे अर्ध्या-एक तासाचे काम असून बेताची हत्यारे असल्यास ते शेतकऱ्यास आपल्या अंगणात करता येते. मात्र घाईने जोर लावून प्लग हेडमध्ये मोडला, तर हेच काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते आणि मळणीचा ऐन हंगाम हातचा जातो. म्हणून ‘बदलावे कसे’ ह्याच्या इतकेच ‘बदलावे केव्हा’ आणि ‘थांबावे कोठे’ हेही समजून घेणे अगत्याचे आहे.

प्लगचे कार्य

पेट्रोलच्या इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधील हवा दाबून मूळ आकारमानाच्या पंधरा ते बावीस पट लहान केली जाते. इतक्या दाबाने हवा आपोआप तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला म्हणजे तो पेट घेतो. डिझेल आपण होऊन पेटण्यास दोनशे ते अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता पुरते, व तापलेल्या इंजिनात दाबलेली हवा ह्याच्या दुपटीहून अधिक तापलेली असते. परंतु थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या इंजिनाचे लोखंड गार असते, ते हवेतील उष्णता शोषून घेते. त्यात बॅटरीही गारठलेली असल्याने सेल्फ इंजिनास सावकाश फिरवितो. दाब हळू चढला की उष्णता निसटण्यास अधिक वेळ मिळतो, आणि फवारलेले डिझेल न पेटताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

ही अडचण सर्व इंजिनांत सारखी नसते. ज्या इंजिनांत डिझेल थेट दट्ट्यावरील पोकळीत फवारले जाते, त्यांत उष्णता कमी वाया जाते. ज्यांत ते प्रथम हेडमधील एका लहान कोठडीत फवारले जाते व तेथून पेटत पेटत सिलिंडरमध्ये उतरते, त्यांत त्या कोठडीच्या भिंती पुष्कळ उष्णता खातात. अशा कोठडीच्या इंजिनांना सुरुवातीस बाहेरून उष्णता पुरवावी लागते. हीटर प्लगचे काम एवढेच : बॅटरीच्या विजेने आपले टोक लाल करावयाचे आणि फवाऱ्यास पेटण्यापुरती एक तप्त जागा करून द्यावयाची. इंजिन एकदा तापले की बहुतेक शेती-इंजिनांत प्लगचे काम संपते. चालत्या इंजिनाची ताकद कमी पडत असेल, तर त्याचा दोष प्लगवर टाकणे व्यर्थ होय.

ही कल्पना जुनी आहे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट ह्या इंग्रज अभियंत्याने १८९० साली पेटंट घेतलेल्या तेलाच्या इंजिनास डोक्यावर एक लोखंडी गोळा असे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तो गोळा बाहेरून दिव्याच्या ज्वाळेने तापवावा लागे. त्या तंत्रावर चालणारी इंजिने पुढे शेतीत अनेक वर्षे वापरात होती. दिव्याच्या जागी वीज आली आणि गोळ्याच्या जागी बोटभर लांबीचा प्लग आला, एवढाच काय तो फरक.

आपल्या इंजिनास प्लग आहेत काय

पाना हातात घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा, कारण नसलेल्या प्लगचा शोध घेण्यात पुष्कळांचा वेळ गेलेला आहे. महाराष्ट्रात विहिरीवर व नदीकाठी पाणी उपसणारे हँडलने सुरू होणारे एका सिलिंडरचे इंजिन, मग ते १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या परंपरेतील असो वा त्याच धर्तीचे दुसरे असो, सामान्यतः सरळ फवारणीचे असते व त्यास हीटर प्लग नसतो. ते थंडीत सुरू करण्याची युक्ती वेगळी आहे : दाब सोडण्याची दांडी उचलून धरावी, हँडल जोराने फिरवून जडचक्रास वेग द्यावा आणि मग दांडी सोडावी.

ट्रॅक्टरच्या बाबतीत यंत्राच्या नावाकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्यांच्या सहकार्याने १९६३ साली मुंबईत जी कंपनी निघाली, तिच्या बी-२७५ ह्या ट्रॅक्टरचे इंजिन कोठडीच्या फवारणीचे होते व त्यास हीटर प्लग होते. पुढे त्याच घराण्यात २७५ डीआय हा ट्रॅक्टर आला. त्यातील ‘डीआय’ ही दोन अक्षरे सरळ फवारणीची निदर्शक होत. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ही अक्षरे असतील आणि इंधनाचा पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा असेल, तर त्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरवर हीटर प्लग असण्याचा संभव फार थोडा. काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरवर प्लग नसून हवा आत जाण्याच्या मार्गात एकच तापकतार बसविलेली असते, तिचाही ह्याच्याशी घोटाळा करू नये.

धानाच्या बांध्यांत फिरण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या लहान, जपानी धर्तीच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरांची गोष्ट मात्र निराळी. कुबोटाचा निओस्टार बी-२४४१ हा त्याचा नमुना होय. त्याचे इंजिन कोठडीच्या फवारणीचे आहे व त्यास तीन हीटर प्लग आहेत. गावोगाव माणसे व भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या टेम्पो ट्रॅक्स आणि प्यूजो इंजिनाच्या जीपगाड्या ह्यांनाही चार चार प्लग असत. अलीकडील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत फवारणी सरळ असूनही प्लग असतात. तेथे ‘डीआय’वरून निष्कर्ष काढता येणार नाही. अशा गाड्यांच्या प्लगला घरी हात लावू नये, त्याचे कारण पुढे येईल.

प्लग डोळ्यांनी ओळखणे कठीण नाही. इंजेक्टरच्या खाली किंवा शेजारी, प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे, डोक्यावर लहान नट असलेल्या षट्कोनी खिळ्यासारख्या वस्तू एका रांगेत दिसतात. त्या सर्वांना जोडणारी धातूची पट्टी किंवा जाड तार असते. ती पट्टी पुढे एका रिलेकडे किंवा किल्लीच्या स्विचकडे जाते.

दोष प्लगचाच की अन्य

पहाटे इंजिन सुरू होत नाही, परंतु दुपारी उन्हात उभे राहिल्यावर सहज सुरू होते; सुरू होताना पांढरा धूर येतो, एखादा सिलिंडर चुकत चुकत चालतो आणि दोन-चार मिनिटांत सारे सुरळीत होते. ही लक्षणे प्लगच्या दोषाची. ह्याउलट दुपारीही इंजिन सुरू होत नसेल तर डिझेलच्या नळीत हवा शिरणे, गाळणी तुंबणे, डिझेलात पाणी असणे किंवा झिजलेल्या इंजिनात दाब न राहणे ह्यांपैकी कारण शोधावे. सेल्फच मंद फिरत असेल तर प्रथम बॅटरीकडे पाहावे. तिच्या टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुऊन टोके घट्ट केल्यावर कित्येक ‘बिघडलेली’ इंजिने सुरू होतात, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी विसरण्यासारखी नाही.

प्लगवर संशय आला म्हणजे आधी तार तपासावी, मग प्लग. एका प्लगचा रोध साधारण एक ओहम धरला, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून त्यात बारा अँपियर प्रवाह वाहतो. चार प्लगांत मिळून अठ्ठेचाळीस अँपियर होतात. एवढ्या प्रवाहात सांध्यावरचा थोडासा गंजही पुष्कळ दाब खातो आणि चांगले प्लग कोमट राहतात. म्हणून ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, एकाने किल्ली तापविण्याच्या खुणेवर धरावी आणि दुसऱ्याने मल्टिमीटरची लाल तार पट्टीला व काळी तार इंजिनाच्या उघड्या धातूला लावून दाब पाहावा. बारा व्होल्टच्या यंत्रावर तो दहा-साडेदहा व्होल्टच्या खाली असेल तर दोष बॅटरी, फ्यूज, रिले किंवा सांधे ह्यांत आहे. दाब अजिबात नसेल तर प्लग बदलून काही उपयोग नाही. तार शाबूत असताना नवे प्लग विकत आणले जातात आणि जुन्याच रिलेमुळे तेही थंड राहतात, असा व्यर्थ खर्च ह्या एका तपासणीने वाचतो. मल्टिमीटर पोंभुर्ण्याच्या किंवा मूलच्या बाजारात वीजसाहित्याच्या दुकानी स्वस्तात मिळण्यासारखे उपकरण आहे. कृषी सहायकांनी गावातील दोन-चार तरुणांस ते वापरण्यास शिकविल्यास त्याचा उपयोग कृषिपंपाच्या तपासणीतही होईल.

तारेची खात्री झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवून बाजूला करावी. प्लगवरील नट काढून पट्टी उचलावी, म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होतो. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन तारा प्रथम एकमेकींना टेकवाव्या. जो अंक दिसेल तो तारांचा स्वतःचा रोध होय व तो पुढील मापातून वजा करावा. नंतर एक तार प्लगच्या टोकाला व दुसरी इंजिनाला लावावी. चांगल्या प्लगचा रोध सामान्यतः अर्धा ते दोन ओहम असतो. रोध अनंत दाखविला तर आतील तार तुटली आहे. इतर तीन प्लग एक ओहम दाखवीत असताना एखादा पाच-सहा दाखवीत असेल तर तोही निकामीच समजावा. मल्टिमीटर नसल्यास मोटारीचा बारा व्होल्टचा लहान बल्ब घ्यावा. त्याची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी प्लगच्या टोकास लावावी. ह्या चाचणीपुरती ऋण तार पुन्हा जोडावी लागते. दिवा लागला तर तार अखंड आहे, न लागल्यास प्लग गेला. दिव्याने तुटलेला प्लग कळतो, अशक्त झालेला कळत नाही, एवढी त्याची मर्यादा आहे.

बी-२७५ सारख्या जुन्या यंत्रांत एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. तेथे प्लग उघड्या तारेचे, दोन टोकांचे असून माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्यास दोन व्होल्टच्या आतच दाब येतो. अशा माळेतील एक मणी तुटला की सारे प्लग थंड होतात. नंतरच्या, पेन्सिलीच्या आकाराच्या बंद प्लगांत प्रत्येकास स्वतंत्र वीज मिळते. त्यांत एक गेला तरी इतर तापतात आणि मालकास थंडी वाढेपर्यंत पत्ताही लागत नाही.

काढताना लागणारा संयम

खरी कसोटी येथे आहे. प्लग हा पोकळ व बारीक असतो. त्याच्या आट्यांत वर्षानुवर्षांची काजळी भाजून घट्ट झालेली असते. लांब पाईप घालून पान्यास जोर दिला की प्लग सुटण्याऐवजी मानेतून मोडतो. मोडलेला तुकडा हेडमध्ये राहिला तर हेड उतरवून यंत्रशाळेत न्यावे लागते. त्याचे टोक कोठडीत पडलेले असताना सेल्फ मारला, तर दट्ट्याचीही हानी होण्याचा संभव असतो. जंगलपट्टीतील गावापासून जाणता मिस्त्री दूर असतो. हेड उतरवून नेणे, दुरुस्त होऊन येणे आणि पुन्हा बसविणे ह्यांत मळणीचे दिवस निघून जातात.

ह्यास्तव आदल्या संध्याकाळी प्लगच्या मुळाशी गंज सोडविणारे तेल टाकावे. त्यापूर्वी सभोवतालची माती, भुसा व तेलकट थर ब्रशने झाडून आणि फुंकून स्वच्छ करावा. धानाच्या मळणीत चाललेल्या ट्रॅक्टरवर हा थर बोटभर असतो आणि प्लग काढताच तो छिद्रातून थेट इंजिनात पडतो. दुसऱ्या दिवशी, शक्य असल्यास, इंजिन सुरू करून हाताला चटका न बसेल इतपत कोमट करावे, कारण कोमट हेडमधून प्लग अधिक सहज सुटतो. पुन्हा बॅटरीची ऋण तार काढावी. मापाचा खोल गोटी पाना प्लगवर सरळ बसवावा; तिरपा बसलेला पाना षट्कोन खातो.

किती जोर लावावा ह्याचे माप कारखान्यांनी ठरवून दिलेले असते. यंत्राच्या पुस्तिकेत ते नसेल तर पेन्सिल जातीच्या प्लगसाठी सर्वसाधारण प्रमाण असे धरतात : आट्यांचा व्यास ८ मिलिमीटर असल्यास सोडविताना २० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटर असल्यास ३५ आणि १२ मिलिमीटर असल्यास ४५ न्यूटन-मीटर, ह्याच्या पुढे जाऊ नये. टॉर्क पाना प्रत्येक घरी नसतो. परंतु धान्य किंवा भाजी तोलण्याचा आकड्याचा ताणकाटा बहुतेक गावांत मिळतो, आणि तेवढ्यावर हे काम भागते. पान्याच्या दांडीवर प्लगच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर खूण करावी, तेथे काट्याचा आकडा अडकवावा आणि दांडीशी काटकोन ठेवून ओढावे. ८ मिलिमीटरच्या प्लगसाठी काटा ८ किलोवर, १० मिलिमीटरसाठी १४ किलोवर आणि १२ मिलिमीटरसाठी १८ किलोवर आला की हात थांबवावा. एवढ्यात प्लग फिरू लागला तर थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, पुन्हा तेल टाकावे आणि अशा रीतीने पुढे-मागे करीत बाहेर आणावा.

काट्याने मर्यादा दाखविली आणि प्लग जागचा हलला नाही, तर तेथेच थांबणे हेच शहाणपण. पुन्हा तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे, इंजिन पुन्हा कोमट करावे व पुन्हा तेवढ्याच जोराने पाहावे. दोन-तीन दिवसांतही सुटत नसेल तर तो प्लग तसाच ठेवून इतर बदलावेत. चारांपैकी तीन चांगले असल्यास चंद्रपूरच्या थंडीत इंजिन बहुधा सुरू होते. मग हंगाम आटोपल्यावर अडकलेला प्लग जाणत्या मिस्त्रीकडून काढून घ्यावा. प्लगवर हातोडी मारणे, आट्यांत छिणी घालणे किंवा गॅसच्या ज्योतीने हेड तापविणे हे उपाय घरी कदापि करू नयेत.

काढलेला प्लग काय सांगतो

बाहेर आलेला प्लग फेकून देण्यापूर्वी त्याच्या टोकाकडे पाहावे. टोकावर कोरडी, पातळ काळी काजळी असणे स्वाभाविक आहे. परंतु टोक वितळलेले किंवा खाल्ल्यासारखे दिसत असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर फवारा न करता धार सोडीत असण्याचा दाट संभव आहे. तेथे नवा प्लग बसविला तरी तोही त्याच वाटेने जाईल. आधी इंजेक्टर तपासून घ्यावा. टोक फुगलेले असल्यास प्लगला जादा दाब मिळाला आहे, किंवा रिले चिकटून राहिल्यामुळे तो वाजवीपेक्षा फार काळ तापत राहिला आहे. असे फुगलेले टोक छिद्रातून बाहेर येताना अडते. प्लगच्या आट्या सुटल्या तरी तो ओढला जात नाही तेव्हा हेच कारण समजावे आणि बळाने न उपटता मिस्त्रीस बोलवावे. टोक ओले व तेलकट असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. एकाच इंजिनाचे चार प्लग क्रमाने फळीवर मांडून ठेवले तर कोणत्या सिलिंडरात काय चालले आहे, हे न उघडताच कळते. मिस्त्रीकडे जाताना तेच प्लग क्रमांक घालून सोबत न्यावेत.

काढलेला प्लग बॅटरीवर लावून लाल होतो की नाही हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. ती उपयुक्त आहे, पण तिच्यात धोका आहे. प्लगच्या अंगावर त्याचे व्होल्ट कोरलेले असतात. ११ किंवा १२ असा अंक असेल तरच बारा व्होल्टची बॅटरी लावावी. माळेतील जुने प्लग दोन व्होल्टच्या आतील असतात, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या गाड्यांतील कित्येक प्लग चार ते सात व्होल्टचे असतात. त्यांना बारा व्होल्ट दिले की ते काही क्षणांत जळतात, प्रसंगी टोक फुटून उडते. नव्या गाड्यांच्या प्लगला घरी हात लावू नये असे वर म्हटले ते ह्यासाठी. चाचणी करावयाची झाल्यास प्लग हातात न धरता पकडीत धरावा, डोळ्यांवर चष्मा असावा, तारेचा शेवटचा स्पर्श बॅटरीपासून दूर करावा, कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. आणि हे काम पुंजण्याजवळ किंवा तणसाच्या ढिगाशेजारी करू नये. प्लगचे टोक आठशे अंशांच्या वर जाते. तणसाची एक काडी त्यास पुरे.

नवे प्लग बसविणे

नवा प्लग घेताना जुना सोबत नेऊन आट्या, टोकाची लांबी आणि व्होल्ट ही तिन्ही जुळवावीत. टोक लांब असेल तर ते फवाऱ्याच्या मार्गात येऊन जळते, आखूड असेल तर त्याची उष्णता फवाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. माळेच्या पद्धतीत सर्व प्लग एकाच जातीचे असावेच लागतात. स्वतंत्र पद्धतीत एकच बदलून काम भागते; तथापि सर्व प्लग एकाच वेळी बसविलेले असतील तर एकाच्या पाठोपाठ दुसरा जाण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे, व पुन्हा पुन्हा उकलण्यापेक्षा संपूर्ण जोडी बदलणे बरे.

सर्व प्लग बाहेर असताना इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, बॅटरी जोडून दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. छिद्रांतील सुटी काजळी वाऱ्याबरोबर बाहेर पडते. त्या वेळी छिद्रांच्या समोर कोणीही उभे राहू नये, कारण राहिलेले डिझेलही जोराने उडते. मग पुन्हा बॅटरी सोडवावी. छिद्रात घट्ट काजळी असल्यास ती साफ करण्याचे खास हत्यार ग्रीस लावून वापरतात. साधे ड्रिल घालू नये.

नवा प्लग प्रथम बोटांनी फिरवावा आणि निम्म्याहून अधिक आट्या बोटांनीच जाव्यात. त्या जात नसतील तर प्लग तिरपा बसला आहे, तो काढून पुन्हा लावावा. आट्या स्वच्छ व कोरड्या असाव्यात. प्लगला इंजिनाच्या धातूतूनच विजेचा परतीचा मार्ग मिळतो. पुस्तिकेत सांगितले असेल तरच तेथे ग्रीस लावावे. शेवटचे आवळणे पुन्हा ताणकाट्याने करावे : २५ सेंटिमीटरवर ओढताना ८ मिलिमीटरच्या प्लगसाठी ४ किलो, १० साठी ६ किलो आणि १२ साठी ९ किलो एवढे बस होते. वरील पट्टी सँडपेपरने घासून चकचकीत करावी व तिचे लहान नट हलक्या हाताने आवळावेत. प्लगच्या डोक्यावरील बारीक खिळा मोडून नवा प्लग वाया जाणे ही नेहमीची हानी आहे.

बॅटरी जोडल्यावर किल्ली तापविण्याच्या खुणेवर धरून पट्टीवरील दाब पुन्हा पाहावा आणि मग इंजिन सुरू करावे. पेन्सिल जातीच्या प्लगला पाच ते वीस सेकंद, जुन्या उघड्या तारेच्या प्लगला अर्धा मिनिट किंवा किंचित अधिक तापणे पुरते. ह्याहून अधिक वेळ तापवून इंजिन लवकर सुरू होत नाही, प्लगचे आयुष्य मात्र घटते. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा व प्लग पुन्हा तापवावेत.

तीन घातक सवयी

खेडोपाडी इंजिन लवकर सुरू करण्याच्या ज्या तोडी प्रचारात आहेत, त्यांपैकी तीन प्रत्येक कृषी सहायकाने गावात नाव घेऊन बंद कराव्यात अशा आहेत. हवेच्या गाळणीत ईथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा घालणे ही पहिली. हीटर प्लगच्या इंजिनात आतले टोक लाल असताना हे वाफारे वेळेपूर्वीच भडकतात. रिंगा तुटतात, दट्ट्यास तडा जातो, ज्वाळा उलट गाळणीतून बाहेर येते. दुसरी, तेलाच्या टाकीखाली किंवा हवेच्या तोंडाशी जळता टेंभा धरणे. खळ्यावर तणस पसरलेले असताना असे करण्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. तिसरी सवय सर्वांत घातक. किल्ली काम देत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फची दोन टोके जोडली जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन सुरू होताच तो चालू लागतो, आणि जोडणारा माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. सेल्फ नेहमी आसनावर बसून, न्यूट्रलची खात्री करूनच मारावा.

ट्रॅक्टर हाताळण्याचे रीतसर शिक्षण हवे असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून चालत आलेली केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. जिल्ह्यात सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्राकडे यंत्रांविषयीच्या शंका विचाराव्यात.

प्लगची तपासणी करण्यास योग्य काळ दिवाळीच्या आधीचा. धान अजून बांधीत उभे असते, ट्रॅक्टर काही दिवस रिकामा असतो, आणि हवा उबदार असल्यामुळे अडकलेला प्लग सोडविण्यास सवड मिळते. तपासणीच्या दिवशी प्रत्येक प्लगचा रोध, तारीख आणि इंजिनाचे चाललेले तास वहीत लिहून ठेवावेत. पुढील वर्षी त्याच प्लगचा अंक वाढलेला दिसला तर त्या आकाराचा एक प्लग आधीच आणून, कागदात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवावा.